वाचक विचारतात : खिशाला झेपणारी टेलिफोटो झूम लेन्स

या वेळची बरीच पत्रं एकाच अडचणीभोवती फिरतात. कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सनं (हे आकडे मिलीमीटरमधल्या फोकल लेन्थचे, मोठा आकडा म्हणजे लांबची पोहोच) भागत नाही आणि पक्षीवाल्यांच्या हातात दिसते ती तोफ परवडत नाही. त्यांतली काही निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. दुकानदार ७५-३०० लेन्स बऱ्याच कमी पैशात देतोय. ५५-२५० एसटीएम महाग आहे, शिवाय तिची पोहोचही कमी. मग जादा पैसे कशाचे मोजायचे? – एक वाचक, सांगली

स्टॅबिलायझेशनचे आणि मोटरचे (एसटीएम हे तिच्या फोकस करणाऱ्या मोटरचं नाव). ७५-३०० मध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा नाही. ५५-२५० एसटीएममध्ये आहे. नावात 'आयएस' अक्षरं असतात ती त्याचीच.

हिशेब करून पाहा. हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड किमान 'एक भागिले (फोकल लेन्थ गुणिले क्रॉप)' सेकंद एवढा हवा. तुमच्या बॉडीचा क्रॉप, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम' सेन्सरपेक्षा तिचा सेन्सर किती पट लहान ते, १.६. म्हणजे ३०० एमएमला १/४८०, धरा १/५००. संध्याकाळी झाडाच्या सावलीत एवढा वेग मिळवायला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) ३२०० पर्यंत चढवावा लागला, असं समजा. आयएस असेल तर बसलेल्या पक्ष्याचा तोच फोटो १/६० ला निघतो आणि आयएसओ ४०० वर येतो. कंपनी साडेतीन स्टॉपचा फायदा सांगते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आम्ही तीनच धरतो. पक्षी उडत असेल तर मात्र आयएसचा उपयोग नाही. तिथं १/१००० च्या पुढेच जावं लागतं, लेन्स कुठलीही असो.

आता पोहोच. २५० एमएमचा फोटो कापून ३०० एवढा केला तर २४ मेगापिक्सेलपैकी साधारण १६-१७ शिल्लक राहतात. एवढ्या पोहोचीसाठी स्टॅबिलायझेशन सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे. त्यात ७५-३०० पूर्ण ताणली की मऊ पडते आणि उजळ आकाशासमोरच्या फांद्यांना जांभळट कडा येते. तिचं जवळात जवळचं फोकस दीड मीटरवर, एसटीएमचं ८५ सेंटीमीटरवर. फुलपाखरं टिपणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

जुनी घेणार असाल तर एक सावधगिरी. जाहिरातीत नुसतं '५५-२५०' लिहिलेलं असतं. त्या लेन्सच्या तीन आवृत्त्या आहेत : आयएस, आयएस टू आणि आयएस एसटीएम. पहिल्या दोन्हींत आयएस आहे, पण मोटर संथ आणि कुरकुरी, शिवाय फोकस करताना पुढची काच गोल फिरते, त्यामुळे पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावला तर तोही फिरतो. अगदी स्वस्तात मिळाली तर हरकत नाही. एसटीएमच्या भावात मात्र घेऊ नका. शेवटचं, ५५-२५० ही ईएफ-एस, म्हणजे क्रॉप सेन्सरसाठीची लेन्स आहे. ६डीसारख्या फुल फ्रेम डीएसएलआरवर ती बसत नाही.

प्रश्न : मामांनी त्यांचा निकॉन डी३१०० मला दिला. त्यावर एएफ-पी ७०-३०० व्हीआर घ्यावी का? सगळे तीच सुचवतात. – एक विद्यार्थिनी, नांदेड

लेन्स चांगली आहे. ४१५ ग्रॅम वजन, झटपट फोकस, भाव रास्त. पण तुमच्या कॅमेऱ्यावर ती फोकसच करणार नाही, अगदी हातानंही. एएफ-पी लेन्सची फोकस रिंग काचेला थेट जोडलेली नसते. ती मोटरला फक्त इशारा देते आणि त्या मोटरची भाषा डी३१०० ला कळत नाही. डी९० चंही तेच. डी३३०० आणि डी५३०० ला कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट करावं लागतं, डी३४०० आणि डी५६०० ला काहीच करावं लागत नाही.

तुमच्यासाठी नावात 'एएफ-एस' (लेन्समध्येच मोटर) आणि 'व्हीआर' (निकॉनचं स्टॅबिलायझेशन) अशी दोन्ही अक्षरं असलेली लेन्स शोधा : ५५-२०० व्हीआर, व्हीआर टू किंवा ५५-३००. तिसरीचं फोकस आळशी आहे, बसलेल्या पक्ष्याला चालेल. नुसतं 'एएफ' लिहिलेली जुनी ७०-३०० जी बाजारात फार स्वस्त मिळते, ती टाळा. तिच्यात मोटर नाही आणि डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीतही नाही. सगळं फोकस हातानं करावं लागेल.

पुढे बॉडी बदलून एएफ-पीकडे वळलात तर तिच्याही दोन जुळ्या बहिणी आहेत, एक व्हीआरसह, एक व्हीआरविना. दोन्ही दिसायला सारख्या, बटणं दोन्हींवर नाहीत. त्यामुळे नावातली शेवटची अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : हिवाळ्यात भिगवण आणि नंतर ताडोबा असा बेत आहे. २५० एमएम पुरेल का? की कर्ज काढून १५०-६०० घ्यावी? – एक वाचक, पुणे

कर्ज काढू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या. सेन्सरवर प्राणी किती मोठा उमटेल याचं गणित सोपं आहे : प्राण्याची लांबी गुणिले फोकल लेन्थ भागिले अंतर, सगळं मिलीमीटरमध्ये. कॅननचा क्रॉप सेन्सर २२.३ गुणिले १४.९ मिलीमीटरचा असतो.

भिगवणला उजनीच्या पाण्यात उभा असलेला मोठा रोहित सव्वा मीटरच्या आसपास उंच भरतो, १.३ मीटर धरू. नावेतून अंतर ४० मीटर. १३०० गुणिले २५० भागिले ४०,००० म्हणजे ८.१ मिलीमीटर. चौकटीची निम्म्याहून जास्त उंची भरली. थव्यासाठी तर मागेच यावं लागेल. ताडोबात वीस मीटरवर आडवा चालणारा वाघ, शेपूट सोडून दीड मीटर धरला, तर १८.७ मिलीमीटर. चौकट जवळजवळ भरली. तो आणखी जवळ आला की १५०-६०० वाला १५० वर अडकून कान-शेपटी कापत बसतो, तुम्ही निवांत ५५ वर येता.

कमी पडते ती छोट्या पक्ष्यांना. पंधरा मीटरवर बसलेला २८ सेंटीमीटरचा खंड्या २५० एमएमला फक्त ४.७ मिलीमीटर येतो, चौकटीच्या रुंदीचा पाचवा हिस्सा. तो कापून निम्म्या रुंदीएवढा केला तर ६००० पैकी साधारण २५०० पिक्सेल उरतात. मोबाइलवर आणि आठ इंची प्रिंटला ते पुरतं, भिंतीवरच्या पोस्टरला नाही. चिमणीएवढे पक्षी हाच तुमचा ध्यास असेल तरच ६०० चा विचार करा. आणि तेव्हा वजनाचाही करा : ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची, सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅमची. दिवसभर गळ्यात अडकवायची ती वस्तू नाही.

मधला मार्ग आहे. टॅमरॉन किंवा सिग्माची १००-४००, साधारण सव्वा किलोच्या आतली. कॅननच्या आर मालिकेतला मिररलेस असेल तर आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची, पण टोकाला एफ/८ होते (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढा आत येणारा प्रकाश कमी). पहाटेच्या सफारीत तो कमी प्रकाश बोचतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारा, पोहोच वाढवणारा जोड) लावून २५० ची ५०० करावी, असंही विचारलं आहे. कॅननचा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे 'एक्स्टेंडर', या लेन्समध्ये शिरतच नाही. पुढून स्क्रूनं लावायचे '२एक्स' भिंगाचे तुकडे मिळतात, त्यांवर शंभर रुपयेही घालवू नका.

जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. कापडी बीन बॅग रिकामीच न्या, मुक्कामी पोहोचल्यावर दीड-दोन किलो तांदूळ भरा, परतताना तांदूळ खानावळीत द्या. इंजिन चालू असताना लेन्स गाडीच्या दांड्यावर टेकवू नका, सगळी थरथर फोटोत उतरते. ड्रायव्हरला विनंती केली तर तो इंजिन बंद करतो. नावेत उलटं : काही टेकवायचंच नाही, कोपर पोटाशी घट्ट आणि शटर १/१०००.

प्रश्न : ५५-२५० घेऊन सहा महिने झाले. लांबचे फोटो धूसर येतात. लेन्स खराब आहे का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

असेलही, पण तिच्यावर आळ घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, लेन्स वाचवायला म्हणून दुकानात गळ्यात मारलेला यूव्ही फिल्टर. स्वस्त काच १८-५५ वर खपून जाते, २५० वर नाही. काढून फेका. संरक्षणासाठी हूड लावा, लेन्स एसटीएम असेल तर ईटी-६३. तो लेन्ससोबत मिळत नाही, वेगळा घ्यावा लागतो.

दुसरी, फोटो किती वाजता काढता? तुमच्याकडे मार्चपासून सकाळी नऊनंतर जमीन तापते आणि ७०-८० मीटरवरची प्रत्येक गोष्ट झळांमधून दिसते. लाखाची लेन्सही त्या हवेपुढे हात टेकते. ओळखायची खूण : एकामागोमाग दहा फोटो काढा. प्रत्येकात वेगळीच जागा वाकडी-तिकडी दिसली तर दोष हवेचा. उपाय एकच, लवकर जा किंवा जवळ जा.

तिसरी, फोकस पॉइंट. कॅमेरा सगळे पॉइंट वापरत असेल तर तो पुढची फांदी पकडतो. मधला एकच पॉइंट निवडा.

तरीही धूसर? मग ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, आयएस बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि दहा मीटरवरच्या विटांच्या भिंतीचा समोरून फोटो घ्या, एफ/५.६ आणि एफ/८ ला. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा वितळल्यासारखा असेल तर आतली काच जागेवरून हलली आहे, बहुधा पडल्यामुळे. तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठा.

प्रश्न : जुनी लेन्स घेताना काय पाहावं? इथे बुरशीची भीती फार. – एक वाचक, रत्नागिरी

भीती रास्त आहे. दोन्ही झाकणं काढा, मोबाइलचा टॉर्च माउंटच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या बाजूनं तिरका मारा आणि पुढून पाहा. धुळीचे चार कण सोडून द्या, फोटोत ते येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर परत करा. 'साफ करून देतो' म्हणाला तरीही. बुरशीनं काचेवरचा लेप एकदा खाल्ला की तो साफसफाईनं परत येत नाही.

मग स्वतःच्या बॉडीवर लावून बघा. झूम टोकापर्यंत ताणा, कुठे खरखर किंवा अडकणं नको. शटर अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमध्ये पाहा : चित्र क्षणात स्थिरावलं पाहिजे. उडी मारत असेल तर स्टॅबिलायझेशनचा भाग गेलेला आहे. एफ/५.६, एफ/११ आणि एफ/२२ ला एकेक फोटो काढा. कॅननवर 'एरर ०१' आलं तर कॅमेरा आणि लेन्समधला संपर्क तुटतोय. संपर्कबिंदू सुती कापडानं पुसून पुन्हा पाहा. तरी आलं तर आतली दुरुस्ती निघेल.

घरी आणल्यावर चामडी पाऊच किंवा स्पंजाची बॅग विसरा, दोन्ही ओल धरतात. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. मात्र निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराईड असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

प्रश्न : रात्रीच्या कबड्डी सामन्यांसाठी ७०-३०० चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. मैदानाच्या कडेला उभं राहता येत असेल तर जुनी ८५ एमएम एफ/१.८ घ्या. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. चढाईचा हात गोठवायला १/५०० तरी लागतो आणि गावच्या हॅलोजनखाली तो झूम लेन्सला मिळत नाही.

प्रश्न : २५० एमएमला चंद्र नुसता पांढरा ठिपका येतो. – एक वाचक, डोंबिवली

कॅमेरा काळं आकाश पाहून एक्स्पोजर वाढवतो, म्हणून. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, तेव्हा मॅन्युअल मोडवर आयएसओ १००, एफ/८ आणि १/२०० पासून सुरू करा. २५० ला चंद्र सेन्सरवर सव्वादोन मिलीमीटरचाच उमटतो, त्यामुळे कापावं लागेलच. पौर्णिमा टाळून अष्टमी-नवमीला काढा. तेव्हा ऊन तिरकं पडतं, विवरांच्या सावल्या उठतात. मात्र अर्धा चंद्र पौर्णिमेपेक्षा बराच मंद असतो, शटर १/६० पर्यंत खाली आणा.