विमान उभंच आहे, इंजिन नुसतं चालू करून ठेवू का?

प्रश्न : माझं दोन सीटचं छोटं विमान आहे, लायकमिंगचं इंजिन. हौस म्हणून उडवतो. कामामुळे बरेच दिवस उडवणं जमलं नाही, म्हणून दर रविवारी हँगरबाहेर काढून दहा मिनिटं इंजिन चालवतो. हँगरमधला मित्र म्हणतो असं करू नकोस, त्यापेक्षा हाताने प्रोपेलर फिरवत जा. कोणाचं ऐकू?

उत्तर : मित्राचं अर्धं ऐका. इंजिन चालवू नकोस म्हणतो ते अगदी बरोबर, प्रोपेलरचं मात्र विसरा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइल असलेल्या पोटात) उतरते, आणि दहा मिनिटांत ऑइल काही नीट तापत नाही त्यामुळे ते पाणी आतच राहतं, ऑइलमध्ये मिसळतं, वर अॅसिडही तयार होतं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बघा, पिवळसर पांढरा फेस लागलेला असेल तर तो हाच प्रकार. म्हणजे दर रविवारी तुम्ही इंजिनात पाणी सोडताय, तेही चांगल्या मनाने!

लायकमिंगमध्ये आणखी एक भानगड आहे. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो, त्यामुळे इंजिन बंद असताना त्याच्यावरचं ऑइल निथळून जातं आणि गंज धरायला मोकळं लोखंड मिळतं. गंजाचे बारीक खड्डे पडले की टॅपेटचा (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) तळ आणि कॅमचे लोब, म्हणजे उंचवटे, खरवडत जातात आणि तुम्हाला कळतं ते ऑइल फिल्टर कापल्यावर, घड्यांमध्ये चकाकणारी चुरी दिसते तेव्हा. मग इंजिन पूर्ण उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं. (फिल्टर कापून बघता ना? ५० तासांनी बदलायचा आणि तसाच फेकायचा, असं करणारे बरेच आहेत.)

कंपनीचा सल्ला सरळ आहे : ३० दिवसांत एकदा तरी सलग तासभर उडवा, ऑइल ७४ ते ९३ डिग्री सेल्सियसमध्ये राहिलं पाहिजे. जमिनीवर उभं राहून हे होत नाही. फार वेळ चालवलंत तर हवा कमी मिळून सिलिंडर तापतात आणि ऑइल तरी सगळीकडे सारखं तापत नाहीच.

हाताने प्रोपेलर फिरवल्याने सिलिंडरच्या भिंतीवर जे काही ऑइल उरलेलं असतं तेही पुसलं जातं, नवीन काही येत नाही. शिवाय स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, स्वतःची ठिणगी स्वतःच काढतो. चावी ऑफ केल्यावर ती ठिणगी थांबवणारी ग्राउंडची वायर तुटलेली असेल तर चावी ऑफ असूनही इंजिन अचानक सुरू होऊ शकतं आणि तुमचा हात पात्यावर असतो.

दोन-तीन महिने उडवणं होणारच नसेल तर गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल टाका, वरच्या स्पार्क प्लगच्या जागी ओलावा शोषणारे डिहायड्रेटर प्लग बसवा, एक्झॉस्ट आणि ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) बंद करा आणि बंद केलेल्या प्रत्येक ठिकाणी लाल पट्टी लटकवा, कारण महिन्यांनी आपल्यालाच आठवत नाही काय काय झाकलं होतं. यातलं स्वतः काय करायची परवानगी आहे ते मात्र आधी तुमच्या मेकॅनिकला विचारा.

प्रश्न : इंधनात पाणी आहे का बघायला टाकीतून काढलेलं सॅम्पल दर वेळी एकदम स्वच्छ असतं. तरी रोज बघायलाच हवं का?

उत्तर : हो. स्वच्छ म्हणजे नक्की काय बघता? १००एलएल (छोट्या विमानांचं पेट्रोल) निळसर असतं, त्यात थोडं पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो, पण सगळा कप पाण्यानेच भरला तर थेंब कुठून दिसणार, तो स्वच्छच वाटतो. कप पांढऱ्या कागदासमोर धरा, रंग बघा, वास घ्या. इंधन भरल्यावर थोडं थांबून परत काढा. आणि दोन-तीनदा काढूनही पाणी येतच असेल तर त्या दिवशी उडू नका, आधी टाकीच्या झाकणाचं रबर सील बघा.