घेटोटेक पहिल्यांदा ऐकतोयस तर हे वाच

भावा, सुटी गाणी शोधत बसू नको, सरळ डीजे असॉल्टचा १९९७ चा 'बेल आइल टेक' मिक्स (डीजेने सलग जोडलेली गाणी) लाव आणि मध्ये पॉज न करता ऐक, कारण घेटोटेक, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं हे फास्ट डान्स म्युझिक, खरं खुलतं ते मिक्समध्येच. स्पीड १४५-१६० बीपीएम (मिनिटाला इतके ठोके), एक ट्रॅक कानात बसतोय तोवर दुसरा आलेला असतो, सुरुवातीला दमायला होतं, होऊ दे. बोल बऱ्यापैकी अश्लील असतात, त्यामुळे घरी हेडफोन लावूनच. लक्ष खाली ठेव, ८०८ ड्रम मशीनच्या किकवर (बास ड्रमच्या ठोक्यावर): मायामी बेसचा दणका, शिकागोच्या घेटो हाउससारखी तीच तीच ओळ परत परत, आणि त्यात डेट्रॉइटचा स्वतःचा इलेक्ट्रो-टेक्नो. सगळ्यात भारी म्हणजे तिथले डीजे मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर फिरवायचे, म्हणजे ११५ बीपीएमचं गाणं डायरेक्ट १५५ ला, गाणाऱ्याचा आवाज पण चिरका होतो आणि तोच मग साउंड बनतो.

स्वतः वाजवायचं असेल तर लांब ब्लेंड (दोन गाणी हळूहळू एकमेकांत मिसळणं) विसर, क्रॉसफेडरवर (मिक्सरवरची एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी सरकपट्टी) हात बसव आणि पटापट कट मारायला शिक. डीजे गॉडफादर पण ऐक, त्याचं स्क्रॅचिंग जबरदस्त आहे, आणि जिट या डेट्रॉइटच्या फास्ट फूटवर्क डान्सचे व्हिडिओ नक्की बघ, ते पाय बघितले की एवढा टेम्पो कशाला लागतो ते लगेच कळतं.