सीलकँथ माशाच्या शोधाचं श्रेय नक्की कोणाचं, प्रा. स्मिथ यांचं की मार्जरी कोर्टने-लॅटिमर यांचं?

हा मासा विज्ञानाच्या हाती लागला तो मार्जरीबाईंमुळेच. मत्स्यतज्ज्ञ स्मिथ यांनी त्याची ओळख पटवली आणि शास्त्रीय वर्णन केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन संग्रहालयाच्या त्या क्युरेटर होत्या, विज्ञानाची पदवी नव्हती. डिसेंबर 1938 मध्ये बंदरावर आलेल्या ट्रॉलरवरच्या माशांच्या ढिगातून एक निळसर पर डोकावताना त्यांना दिसला. ढीग उपसला तर खाली जाड खवल्यांचा, पायांसारख्या मांसल परांचा, सुमारे दीड मीटर लांबीचा मासा! टॅक्सीवाला तो घ्यायला तयार नव्हता, शवागारानं आणि शीतगृहानं नकार दिला. तरी बाईंनी तो फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून जपला आणि रेखाचित्र काढून स्मिथ यांना पाठवलं. डायनासोरांबरोबरच संपला असं मानलेला हा गट जिवंत होता! नाव ठेवताना स्मिथ यांनीच 'लॅटिमेरिया' निवडलं, म्हणजे श्रेयाचा निवाडा त्यांनीच करून ठेवलाय. फक्त 'शोध' जपून म्हणावं: हिंदी महासागरातल्या कोमोरोस बेटांवरच्या कोळ्यांना हा मासा आधीपासून माहीत होता. दुसरा नमुना 1952 मध्ये तिथूनच मिळाला. पहिल्याचे आतले अवयव मात्र टिकले नाहीत.