स्केचअपमधील कम्पोनंटचा संग्रह : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरांची अंतर्गत सजावट आणि फर्निचर यांची कामे करणाऱ्या वाचकांकडून स्केचअप या त्रिमितीय रेखाटनाच्या सॉफ्टवेअरविषयी आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक एकाच विषयाभोवती आहेत : एकदा काढलेले कपाट, ट्रॉली किंवा खिडकी पुढच्या कामात पुन्हा वापरता यावी, यासाठी तिची फाइल कशी तयार करावी आणि कुठे ठेवावी. अशा पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूला स्केचअपमध्ये कम्पोनंट म्हणतात. उत्तरे देताना मी एकच कसोटी लावली आहे. संग्रहातील फाइल कार्यालयातल्या दुसऱ्या कोणी आत डोकावून किंवा मोजून न पाहता थेट वापरली, तरी काम बिघडता कामा नये.

प्रश्न (नाशिक) : आम्ही तिघे मिळून काम करतो. शेकडो कम्पोनंट साठले आहेत आणि ते ग्राहकांच्या नावांच्या फोल्डरांत विखुरले आहेत. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम अशी खोल्यांनुसार विभागणी करावी का?

खोल्यांनुसार विभागणी सुरुवातीला सोयीची वाटते, पण ती टिकत नाही. ६०० मिलिमीटर रुंदीचे दोन शटरचे कपाट स्वयंपाकघरातही लागते, बेडरूममध्येही लागते आणि पॅसेजमध्येही. मग त्याच्या तीन प्रती तीन फोल्डरांत जातात, एकीत दुरुस्ती होते, उरलेल्या दोन तशाच राहतात आणि सहा महिन्यांनी खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून विभागणी वस्तूच्या प्रकारानुसार करा : कपाटे, ट्रॉल्या, दारे-खिडक्या, बैठक, सॅनिटरी, विजेची उपकरणे, हार्डवेअर. त्याखाली फार तर आणखी एक पातळी ठेवा. ग्राहकांच्या नावांचे फोल्डर त्या-त्या प्रकल्पापुरते असू द्यावेत. त्यांतून संग्रहात येणारी प्रत्येक फाइल स्वच्छ करून, नवे नाव देऊन यावी.

नावाचा क्रम ठरवून घ्या आणि तो कधीही मोडू नका : आधी वस्तू, मग प्रकार, मग रुंदी, खोली आणि उंची, सर्व मिलिमीटरमध्ये. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘सुधारित’ हे शब्द संग्रहातल्या कोणत्याही नावात नकोत, कारण ते ज्या दिवशी लिहिले त्या दिवसापुरतेच खरे असतात. नाव मराठीत असो वा इंग्रजीत, एकाच वस्तूला एक जण ‘कपाट’ आणि दुसरा ‘वॉर्डरोब’ म्हणू लागला की शोध फसतो. तेव्हा तिघांनी बसून शब्दांची एक यादी पक्की करावी. ‘कम्पोनंट्स’ पॅनेलमधून हे फोल्डर स्थानिक संग्रह म्हणून उघडता येतात आणि आवडत्यांच्या यादीत जोडता येतात. प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंगमध्ये) कम्पोनंटच्या फोल्डरसाठी हाच मार्ग तिघांच्याही संगणकांवर नोंदवून ठेवा.

याहून महत्त्वाचा प्रश्न काय ठेवावे हा आहे. आयता सोफा किंवा दिवा थ्रीडी वेअरहाउसमध्ये, म्हणजे स्केचअपच्या ऑनलाइन संग्रहात, केव्हाही सापडतो, पण आपला सुतार जे कपाट बनवतो ते तिथे मिळत नाही. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये, आठ बाय चारच्या शीटचा विचार करून आखलेले कपाट हाच आपल्या संग्रहाचा गाभा असायला हवा. त्यात डावी बाजू, उजवी बाजू, तळ, फळी, पाठ आणि शटर हे प्रत्येक वेगळे, स्वतःचे नाव असलेले कम्पोनंट असावे, म्हणजे पुढे कटिंगची यादी त्यातूनच काढता येते. तसेच ओट्याखाली येणारा १४.२ किलोचा सिलिंडर, मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि देवघर या रोज लागणाऱ्या गोष्टी प्रत्यक्ष टेप लावून मोजा आणि साध्या आकारांत काढून ठेवा. यांतली मापे अंदाजाने धरली की सिलिंडर आत जातो, पण रेग्युलेटर फिरवायला हात जात नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : उतरवून घेतलेले दोन-तीन कम्पोनंट टाकले की फाइल अडखळू लागते. संगणक बदलावा लागेल का?

आधी कम्पोनंट तपासा. बाहेरून आलेली कोणतीही फाइल चालू प्रकल्पात थेट आणू नका. ती स्वतंत्र रिकाम्या फाइलमध्ये उघडा आणि ‘मॉडेल इन्फो’मधील ‘स्टॅटिस्टिक्स’ पाहा. आतल्या कम्पोनंटसह मोजणी दाखवण्याचा पर्याय चालू केला की कडा आणि पृष्ठे यांचा खरा आकडा दिसतो. तिथेच ‘पर्ज अनयूज्ड’ने न वापरलेली मटेरियल, टॅग (वस्तू गटागटाने दाखवण्या-लपवण्यासाठीच्या खुणा) आणि कम्पोनंट काढून टाका. टेक्स्चरची, म्हणजे पृष्ठावर लावलेली, चित्रे फाइलच्या आतच साठवली जातात, त्यामुळे उशीच्या कापडासाठी लावलेला भला मोठा फोटो लहान करून घेतला की फाइलचे वजन लगेच उतरते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. शटरची गोल मूठ काढताना स्केचअप वर्तुळाला मुळात २४ बाजू देते आणि कमानीला १२ भाग. असा कमानीचा छेद ‘फॉलो मी’ या साधनाने वर्तुळाभोवती फिरवला की एका मुठीची २८८ पृष्ठे होतात. स्वयंपाकघरात ३० शटर असतील तर केवळ मुठींची ८,६४० पृष्ठे झाली. तीच मूठ ८ बाजू आणि ४ भाग घेऊन काढली तर एकीची ३२ आणि तिसांची ९६० पृष्ठे होतात, आणि पूर्ण स्वयंपाकघराच्या दृश्यात फरक ओळखू येत नाही. कम्पोनंट केल्यावर भार उरत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे. फाइलमध्ये आकार एकदाच साठवला जातो हे बरोबर, पण पडद्यावर मात्र प्रत्येक प्रत काढावीच लागते.

शेवटी टॅग तपासा. कडा आणि पृष्ठे ‘अनटॅग्ड’वरच, म्हणजे टॅग न लावता, असावीत आणि टॅग फक्त कम्पोनंटला किंवा ग्रुपला लावावा. २०२० च्या आवृत्तीपासून लेयरला टॅग म्हटले जाते, पण हा नियम जुनाच आहे. तो न पाळलेल्या फाइली आपापले टॅग घेऊन प्रकल्पात शिरतात आणि एखादा टॅग बंद केल्यावर कपाटाची अर्धी बाजू नाहीशी होते.

प्रश्न (पुणे) : संग्रहातल्या ट्रॉलीच्या फाइलमध्ये चॅनेलची लांबी बदलली, पण चालू प्रकल्पात जुनीच ट्रॉली दिसते. शिवाय काही नावांपुढे ‘#१’ लागलेले असते. हा दोष आहे का?

दोष नाही. कम्पोनंट रेखाटनात आणला की त्याची प्रत त्या फाइलमध्ये उतरते आणि मूळ फाइलशी तिचा जिवंत दुवा राहत नाही. ऑटोकॅडमधील बाह्य संदर्भाची (मूळ फाइल बदलली की जोडलेले रेखाटनही बदलते, त्या सोयीची) सवय असलेल्यांना हे खटकते, पण मला ही रीत योग्य वाटते, कारण ग्राहकाने सही केलेले रेखाटन संग्रहातल्या बदलामुळे आपोआप बदलता कामा नये. बदल हवाच असेल तर ‘रीलोड’ देऊन नवी फाइल निवडा, म्हणजे त्या प्रकल्पातल्या सर्व ट्रॉल्या एकदम बदलतील. त्यांपैकी एखादी वेगळी ठेवायची असेल, तर तिला आधी ‘मेक युनिक’ करा, म्हणजे ती इतर प्रतींपासून सुटी होईल.

‘#१’ हे मात्र लक्ष देण्यासारखे चिन्ह आहे. त्याच नावाचा, पण वेगळ्या व्याख्येचा, म्हणजे आत वेगळा आकार साठवलेला, कम्पोनंट रेखाटनात आधीपासून आहे, असा त्याचा अर्थ. जुन्याच्या सर्व प्रती निवडा, पॅनेलमध्ये नव्यावर उजवी क्लिक करून त्या बदलून घ्या आणि मग पर्ज करा. हे करताना ट्रॉल्या जागेवरून सरकल्या, तर दोन फाइलींचे अक्ष, म्हणजे वस्तू ज्या मूळ बिंदूपासून मोजली जाते ती जागा, वेगवेगळे आहेत असे समजावे. म्हणून संग्रहात अक्षांची जागा ठरलेली असावी : जमिनीवरच्या कपाटाला मागचा-डावा-खालचा कोपरा, दाराला बिजागरीकडील बाजू तयार फरशीच्या पातळीवर. खिडकीला ‘कट ओपनिंग’ हा भिंतीत आपोआप भोक पाडणारा पर्याय दिला तरी ती भिंतीचे एकच पृष्ठ कापते. जाडी असलेल्या भिंतीचे आतले पृष्ठ आपल्याला हाताने उघडावे लागते आणि नवख्या सहकाऱ्याला हे आधी सांगून ठेवलेले बरे.

प्रश्न (ठाणे) : माझी फाइल मिलिमीटरमध्ये आणि मित्राची इंचांत आहे. त्याचे कम्पोनंट घेतल्यास माप चुकेल का?

नाही. स्केचअप आतून सर्व मापे इंचांतच साठवते आणि एकक फक्त दाखवण्यापुरते असते. माप चुकते ते डीडब्ल्यूजी किंवा एसटीएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या प्रकारांची फाइल आणताना, कारण तिथे आयातीच्या पर्यायांत एकक आपण निवडायचे असते. वेअरहाउसमधील काही वस्तू मुळातच चुकीच्या मापाने काढलेल्या असतात. अशी वस्तू उघडून आत शिरा, एक ओळखीचे अंतर स्केचअपच्या ‘टेप मेझर’ साधनाने मोजा आणि खरे माप टाइप करा, म्हणजे केवळ तीच वस्तू त्या प्रमाणात बदलेल. बाहेरून ‘स्केल’ने ताणली असेल, तर ताणलेले माप मूळ आकारातच पक्के करणारे ‘स्केल डेफिनिशन’ दिल्याशिवाय ती संग्रहात ठेवू नका.

प्रश्न (नागपूर) : संग्रह सामायिक ड्राइव्हवर ठेवला आहे आणि एकाच फाइलच्या दोन-दोन प्रती तयार होतात. काय करावे?

दोघांनी एकच फाइल एकाच वेळी उघडून जतन केली की असे होते. संग्रहाचा सांभाळ एकाकडे सोपवा. त्यालाच बदलण्याची परवानगी असावी आणि इतरांना केवळ वाचण्याची. इतरांनी नवे काम ‘तपासणीसाठी’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावे. सांभाळणाऱ्याने मापे, अक्ष, टॅग आणि पर्ज एवढे पाहूनच ते आत घ्यावे आणि काय बदलले ते एका साध्या तक्त्यात तारखेसह नोंदवावे. फाइलचे नाव मात्र बदलू नये. २०२१ पासूनच्या आवृत्त्या एकमेकींच्या फाइली उघडतात, पण एकाही संगणकावर त्याआधीची आवृत्ती असेल तर संग्रह त्या जुन्या आवृत्तीतच जतन करावा लागेल.

प्रश्न (पनवेल) : वेअरहाउसमधून निवडून स्वच्छ केलेले कम्पोनंट आम्ही संच करून विकू शकतो का?

नाही. ते आपल्या रेखाटनात आणि ग्राहकाच्या कामात वापरता येतात, परंतु गोळा करून स्वतंत्र संग्रह म्हणून वाटण्याची किंवा विकण्याची मुभा तिथल्या अटी देत नाहीत. आपण स्वतः शून्यापासून काढलेली कपाटे आणि ट्रॉल्या विकायला हरकत नाही. त्यासाठी स्वतःच्या आणि बाहेरून आणलेल्या फाइली पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरांत ठेवाव्यात.