दर पावसाळ्यात तुंबणारी ड्रेनेज लाइन: आधी दोष शोधा, मग खोदा

ड्रेनेज लाइन दर पावसाळ्यात तुंबते, सगळीच बदलावी का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी कामाच्या आहेत: रो-हाउसची लाइन जुनी, स्टोनवेअरची (भाजलेल्या मातीच्या पाइपांची), कडेला उंबर, आणि त्याच पट्ट्यावर गाडी उभी असते. प्लंबर दरवेळी ॲसिड ओततो आणि आता 'सगळी लाइन बदला' म्हणतोय. बदलावी लागेलही, पण बिघाड कुठे आहे हे कळल्याशिवाय फरशीला हात लावू देऊ नका.

कोरड्या दिवशी सगळ्या चेंबरची झाकणं उघडा आणि वरच्या चेंबरमध्ये गेरू कालवलेलं पाणी सोडा. वरचं चेंबर तुंबलेलं आणि त्याखालचं कोरडं असेल तर अडथळा त्या दोघांमध्ये. पाण्याबरोबर केसांसारखी बारीक मुळं आली तर उंबर आत शिरलाय. मुरूम किंवा माती आली तर पाइप फुटलाय किंवा सांधा सुटलाय, वरची फरशीही बसणार. घरात कुणी पाणी वापरत नसताना भर पावसात शेवटचं चेंबर भरत असेल, तर गच्चीचा पाइप ड्रेनेजला जोडलेला असतो किंवा रस्त्यावरची मेन लाइन उलटी येत असते. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवरून तासाला 50 मिमी पावसात साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी येतं. ते वेगळंच काढा. मेन उलटी येत असेल तर शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न फ्लॅप, म्हणजे पाणी फक्त बाहेरच जाऊ देणारी झडप, बसवा. मात्र तो मिटलेला असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेवढा वेळ मोरी-संडासचा वापर आवरा.

ॲसिड आजपासून बंद. ते स्टोनवेअरचे सिमेंटचे सांधे आणि चेंबरचं प्लास्टर खातं, आणि सांधा जिथे खिळखिळा होतो तिथूनच मुळं घुसतात. म्हणजे उपायच पुढच्या बिघाडाची सोय करतोय! मोरचुदाने आतली मुळं मरतील, पण सांधा उघडाच राहील. साफसफाईला प्रेशर जेट, म्हणजे जोरदार दाबाने पाणी मारणारं यंत्र, बोलवा. टोकदार सळई जुन्या पाइपला भोक पाडते.

बदलायचीच ठरली तर जमिनीखाली वापरायचा नारंगी-तपकिरी यूपीव्हीसी पाइप घ्या, 160 मिमीचा, रबर रिंगच्या सांध्याचा. काळ्या मातीत हे विशेष महत्त्वाचं: ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, रबर रिंग थोडी हालचाल सोसते, सिमेंटचा सांधा सोसत नाही. रिंगला साबणाचं पाणी लावा, तेल किंवा ग्रीस नको. सॉकेटचं, म्हणजे ज्यात दुसरा पाइप शिरतो त्या रुंद टोकाचं, तोंड घराच्या बाजूला.

उतार 160 मिमीला साधारण 1:80, म्हणजे 10 मीटरला साडेबारा सेंटीमीटर. 110 मिमीला 1:40 ते 1:60. नजरेवर जाऊ नका, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने प्रत्येक टप्पा तपासा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. कामगार उतार साधायला पाइपाखाली विटांचे तुकडे ठेवतात आणि वरून माती लोटतात. पाइप तेवढ्या दोन-तीन ठिकाणीच टेकतो, मधे झोळ पडतो, झोळात मैला साचतो. वरून गाडी गेली की विटेवरच तडा जातो. त्याऐवजी 10 सेंटीमीटर वाळूचा थर दाबून घ्या आणि प्रत्येक सॉकेटखाली थोडी वाळू कोरा, म्हणजे पाइप पूर्ण लांबीने टेकेल. बाजूंनी वाळू हाताने ठासा, पाइपाच्या वर आणखी 15 ते 20 सेंटीमीटर वाळू, मग चाळलेला मुरूम. डबर, फरशीचे तुकडे आत नकोत. गाडीच्या पट्ट्यात पाइपावर 90 सेंटीमीटर भराव मिळत नसेल तर भोवती 15 सेंटीमीटर काँक्रीट करा आणि त्या भागातल्या चेंबरला हेवी ड्यूटी झाकण घ्या. लाइन उंबरापासून जमेल तितकी लांब वळवा. वळणावर चेंबर हवंच.

पीव्हीसीला सिमेंट धरत नाही. चेंबरच्या भिंतीत जाणाऱ्या तुकड्यावर सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) लावून त्यावर वाळू भुरभुरा, सुकू द्या, मग गिलावा करा. नाहीतर तिथूनच गळेल. चेंबरच्या तळाला निमगोल पन्हळ आणि दोन्हीकडून तिच्याकडे उतार असला पाहिजे, सपाट तळात मैला बसतो.

चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा. वरच्या चेंबरमध्ये पातळीची खूण करा आणि तासाभराने बघा. उतरली तर सांधे एकेक करून तपासा. उरलेली मजुरी ही चाचणी झाल्यावरच द्या. आणि काहीही झालं तरी सफाईसाठी माणूस चेंबरमध्ये उतरवू नका: आतल्या वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि 2013च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईला बंदी आहे.