अमेरिका-जपान व्यापारयुद्धात चूक कोणाची होती? २०२५ च्या आयात शुल्कामुळे पुन्हा तेच होईल का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जपाननं स्वस्त गाड्यांचा मारा केला आणि अमेरिकेच्या मोटार उद्योगाचं केंद्र असलेल्या डेट्रॉईटच्या कामगारांच्या तोंडचा घास काढून घेतला. ही ओळ नसती तर मी उत्तर लिहायला बसले नसते. ऐंशीच्या दशकात, त्या व्यापारयुद्धाच्या काळात, मी डेट्रॉईटच्या उत्तरेला, मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. घास कोणी काढला ते मी जवळून पाहिलं आहे.

चूक डेट्रॉईटच्या मालकांची आणि वरच्या साहेबांची. जपानचाही दोष आहे, पण तो वेगळ्या जागी आहे.

१९७९ च्या तेलसंकटानंतर लोकांना लहान गाड्या हव्या होत्या, त्या जपानकडे होत्या आणि डेट्रॉईटकडे धड नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं लोक विसरतात. १९८१ मध्ये रेगन सरकारच्या दबावाखाली जपाननं वर्षाला १६.८ लाखांहून जास्त गाड्या अमेरिकेला पाठवायच्या नाहीत असं कबूल केलं. डेट्रॉईटला हवी होती ती सवड मिळाली. कंपन्यांबरोबरच्या १९८२ च्या करारात मोटार कामगारांच्या युनियननं पगारवाढीवर पाणी सोडलं. कंपन्यांनी मात्र गाड्यांच्या किमती वाढवल्या, १९८३ मध्ये नफा परत आला आणि १९८४ मध्ये साहेबांनी इतके भरघोस बोनस घेतले, की खुद्द रेगन सरकारचे व्यापार प्रतिनिधी विल्यम ब्रॉक यांनी जाहीर नापसंती दाखवली. जपानी कंपन्यांनी काय केलं? संख्येवर मर्यादा आहे ना, मग महागाच्या गाड्या पाठवल्या. प्रत्येक गाडीमागचा नफा वाढला. १९८६ मध्ये होंडाचा अक्युरा हा महागड्या गाड्यांचा ब्रँड आला, १९८९ मध्ये टोयोटाचा लेक्सस आणि निसानचा इन्फिनिटी. शिवाय त्यांनी अमेरिकेतच कारखाने काढले. होंडाची पहिली अमेरिकन अकॉर्ड ओहायोतल्या मेरिसव्हिलमधून नोव्हेंबर १९८२ मध्ये बाहेर पडली.

आता माझ्या कारखान्याचं सांगते. मी पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि लग्नानंतर मिशिगनला येऊन इथे इन्स्पेक्टर म्हणून लागले. प्रेसमधून निघालेला भाग गेजवर, म्हणजे माप तपासायच्या साच्यावर, लावायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल चिठ्ठी, एवढंच काम. कॉलेजात कंट्रोल चार्ट, म्हणजे मापं क्रमानं आलेखावर मांडून बिघाड वेळेत पकडायची पद्धत, शिकले होते, म्हणून मी स्वतःहून मापं लिहून चार्ट काढायला लागले. पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडणारं हत्यार, झिजायला लागला की दाराच्या बिजागरीच्या भोकाचं माप हळूहळू सरकतं. गेजवर ते फार उशिरा कळतं, चार्टवर आधी दिसतं, आणि अख्खा लॉट वाया जायच्या आत पंचाला धार लावता येते. मी फोरमनला दाखवलं. तो म्हणाला, गेजवर बसतंय ना, मग प्रेस थांबवायची नाही. महिन्याचा आकडा गाठायचा असायचा. लाल चिठ्ठी लागलेला मालसुद्धा महिनाअखेरीला प्लँट मॅनेजरच्या सहीनं ट्रकमध्ये चढायचा. गिऱ्हाईक कंपनीही तो घ्यायची, कारण तिकडे जोडणीच्या शेवटी दार ठोकून बसवायला हातोडी घेऊन माणूस उभाच असायचा.

ही चार्टची पद्धत अमेरिकेचीच, बरं का. १९२४ मध्ये वॉल्टर शुहार्ट यांनी बेल कंपनीत ती काढली, आणि १९५० मध्ये एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानला जाऊन शिकवली. जपान्यांनी त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. आमच्या प्लँट मॅनेजरनं डेमिंग हे नाव ऐकलेलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ओहायोत कारखाना काढलेल्या एका जपानी कंपनीची माणसं आमच्याकडे आली. मालकानं जेवण मागवलं होतं, किमतीचा कागद तयार ठेवला होता. त्यांनी कागद बाजूला सारला आणि थेट शॉपमध्ये गेले. दिवसभर एकाच प्रेसपाशी उभे. स्क्रॅपच्या पिंपातून भाग काढून बघितले. प्रेसमधली डाय (भागाला आकार देणारा साचा) बदलायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. मग एकानं विचारलं, हे भोक सकाळपासून सरकतंय, कोणाच्या लक्षात आलं का? फोरमन गप्प. प्रेस चालवणारा केंटकीचा एक जुना कामगार होता, तो म्हणाला, त्या बाईंना विचारा, त्यांच्याकडे वह्या आहेत.

मी वह्या आणल्या. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ पान न पान बघत होते. हा बिंदू वर का गेला, त्या दिवशी पत्र्याची कॉईल बदलली होती का, पंच कोणी बदलला, रात्रपाळीची मापं कुठे आहेत? माझ्याकडे बहुतेक उत्तरं होती, कारण मी ती रोज लिहीत होते. त्या कारखान्यात मला माझ्या कामाबद्दल त्याआधी कोणी काही विचारलंच नव्हतं. तो केंटकीवाला शेजारी उभा राहून मधेमधे भर घालत होता. पंच कधी झिजतो हे त्याला प्रेसच्या आवाजावरून कळायचं, आणि हेही त्याला कोणी विचारलं नव्हतं.

नंतर त्यांच्या अटी आल्या. माल रोज थोडा थोडा द्यायचा, प्रत्येक भागाचा चार्ट सोबत पाठवायचा, आणि दरवर्षी किंमत थोडी उतरवायची. मालक भडकला. माझ्या कारखान्यात येऊन मला शिकवणारे हे कोण, असं म्हणून त्यानं ऑर्डर नाकारली. पलीकडच्या गावातल्या आमच्याहून लहान कारखान्यानं ती घेतली आणि तो टिकला. आमचा नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडला. शेवटच्या दिवशी मालकानं सगळ्यांना जमवून सांगितलं, जपान्यांनी आपल्याला संपवलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, ऑर्डर दारात आली होती, तुम्ही ती परत पाठवली. मालक काही बोलला नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला की शिफारसपत्र गेलं आता. ते गेलंच. पण मी ते बोलले याचं मला आजही समाधान आहे.

हे 'जपान्यांनी संपवलं' म्हणणं नुसतं खोटं नव्हतं, ते जिवावर बेतलं. जून १९८२ मध्ये डेट्रॉईटला लागून असलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या तरुणाला क्रायस्लरचा एक सुपरवायझर आणि त्याचा सावत्र मुलगा यांनी बेसबॉलच्या बॅटनं मारलं. चार दिवसांनी तो गेला. तो चिनी वंशाचा होता, जपानी नव्हताच. तुमच्यामुळे आमचं काम गेलं, असं भांडणात त्याला म्हटल्याची साक्ष झाली. शिक्षा काय? तीन वर्षं प्रोबेशन आणि ३,००० डॉलर दंड. तुरुंगवास एक दिवसाचाही नाही. त्या दिवसांत आपल्यातल्याच काहींनी सुचवलं, की आपण भारतीय आहोत हे कळेल असं गाडीवर काहीतरी लावूया. मला त्याचा संताप आला होता. आम्ही जपानी नाही हो, असं सांगून सुटका करून घ्यायची, म्हणजे जपानी माणसाला मारलं तर चालेल असंच झालं की.

कामगार आळशी होते, युनियननं वाट लावली, असंही पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण बघावं. जनरल मोटर्सनं तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला, तिथली गैरहजेरी कुप्रसिद्ध होती. १९८४ मध्ये टोयोटानं जनरल मोटर्सबरोबर भागीदारीत तोच कारखाना सुरू केला. कामगार बहुतेक तेच, युनियन तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीस तोड निघायला लागल्या. बदलली होती ती व्यवस्था आणि वरची माणसं.

हे मी माझ्या दिरांना कितीदा सांगितलं आहे. ते चिंचवडला नोकरीत होते, आणि प्रत्येक भेटीत त्यांचं एकच, की अमेरिकेनं दारं उघडी ठेवली म्हणून डेट्रॉईट बुडालं, आपणही सुझुकीला आत घ्यायलाच नको होतं. भाऊजी, अमेरिकेनं १९८१ मध्येच दार अर्धं लावून घेतलं होतं, त्यानं डेट्रॉईट सुधारलं नाही. आणि आपली दारं तर बंदच होती. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, हे तुम्ही स्वतः केलंत. १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली आणि आपल्याकडच्या सुटे भाग बनवणाऱ्यांना पहिल्यांदा कोणीतरी स्क्रॅपच्या पिंपाचा जाब विचारला. चेन्नईच्या सुंदरम-क्लेटननं १९९८ मध्ये तेच डेमिंग पारितोषिक मिळवलं. चिंचवडची पोरं त्यांच्याहून कमी होती असं मला वाटत नाही.

आता जपानचा दोष. मोटारींवर त्यांचं आयात शुल्क १९७८ पासून शून्य होतं, आणि डेट्रॉईटवाले डावीकडून गाडी चालवणाऱ्या देशात डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या पाठवत बसले, त्याचा दोष मी जपानला देणार नाही. पण गोमांस आणि संत्र्यांवरचा कोटा काढायला त्यांनी १९९१ पर्यंत वेळ लावला. मोठं दुकान काढायचं तर स्थानिक दुकानदार ते वर्षानुवर्षं अडवू शकत होते. संगणकाच्या चिपच्या बाबतीत तर त्या पडत्या भावात विकायच्या नाहीत हा १९८६ चा करार पाळला नाही असा ठपका ठेवून अमेरिकेनं १९८७ मध्ये ३० कोटी डॉलरच्या जपानी मालावर १०० टक्के शुल्क लावलं, आणि त्या तक्रारीत तथ्य होतं असं मला वाटतं. पण याची किंमत जपाननंही मोजली. डॉलर स्वस्त करण्यासाठी मोठ्या देशांनी सप्टेंबर १९८५ मध्ये केलेल्या प्लाझा करारानंतर डॉलरमागे २४० च्या घरातला येन वर्षभरात १५० च्या आसपास आला, म्हणजे येन महागला, निर्यातदारांना सावरायला व्याजदर उतरवले, त्यातून जमिनीच्या आणि शेअरच्या किमती भडकल्या आणि नव्वदीत कोसळल्या. म्हणूनच यात जिंकलं कोण, याला सरळ उत्तर नाही. आणि हो, मी पाहिलेला कारखाना एक. पोलादात आणि टीव्हीच्या धंद्यात चित्र वेगळं असू शकेल. आपण भारतीयांनीही हे दोघांचं भांडण म्हणून लांबून बघू नये. १९८९ मध्ये अन्याय्य व्यापार करणाऱ्या देशांवर कारवाई करायच्या 'सुपर ३०१' कायद्याखाली अमेरिकेनं ज्या तीन देशांवर बोट ठेवलं, त्यांत जपान आणि ब्राझीलबरोबर भारतही होता.

२०२५ बद्दल थोडक्यात. एप्रिलमध्ये ट्रम्प सरकारनं मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावलं, जुलैमध्ये जपाननं दिलेल्या ५५० अब्ज डॉलर गुंतवणुकीच्या आश्वासनावर एकूण शुल्क १५ टक्के करायचं ठरलं, आणि सप्टेंबरमध्ये ते लागू झालं. हेच ट्रम्प सप्टेंबर १९८७ मध्ये स्वतःचे पैसे घालून मोठ्या वर्तमानपत्रांत जपानविरोधी पानभर जाहिराती देत होते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण पुन्हा तेच होणार नाही. जपानी कंपन्या आता अमेरिकेतच वर्षाला तीस लाखांवर गाड्या बनवतात आणि त्यांना भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने ओहायो, केंटकी, टेनेसीत आहेत. बाहेरून येणाऱ्या भागांवर शुल्क लागलं की पहिली झळ त्यांनाच.

तुम्ही यावर काही लिहिणार असाल तर ती घासाची ओळ काढून टाका, आणि १९८२ चा कामगार करार व १९८४ चे बोनस शेजारी शेजारी मांडून लिहायला घ्या.