वाचक विचारतात : खाडीकाठची जादू आणि जुन्या काळातली प्रेमकथा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीला राहते. ठाणे खाडीच्या काठावरील एका खेड्यात, १७३७ ते १७३९ या वसईच्या मोहिमेच्या काळात घडणारी एक हळुवार प्रेमकथा मी लिहीत आहे. नायिका मिठागरावर राबणाऱ्या आगरी घरातील एकोणीस वर्षांची अविवाहित मुलगी आहे. ती गाऊ लागली की भरतीचे पाणी थबकते. नायक मराठ्यांच्या छावणीतील कारकून आहे. बरीच पाने लिहून झाल्यावर असे लक्षात येते की लढाईने सगळी जागा व्यापली आहे, आणि जादू आली की गोष्टीतील ताणच निघून जातो. काय करावे?

उत्तर : आपली कल्पना मला मनापासून आवडली, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

सर्वांत आधी कथेचा काळ थोडा पुढे न्यावा, असे सुचवतो. मार्च १७३७ मध्ये ठाणे पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आले आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. या दोन वर्षांत कोणीही खाडीकाठी निवांतपणे प्रेमात पडले, असे लिहिले तरी वाचकाचे कान तोफांकडेच राहणार. याउलट १७३९ नंतर डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत, म्हणजे साधारण पस्तीस वर्षे, ठाणे आणि साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे बेट) पेशव्यांच्या अमलाखाली होती, आणि या काळाकडे कथाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. लढाई संपली आहे, नवा अंमल बसतो आहे, जमिनीची पाहणी होते आहे, कोणते शेत कोणाचे आणि सारा किती यावर गावोगाव वाद चालू आहेत, अशा काळात माणसे पुन्हा घर उभारतात, बांध घालतात आणि एकमेकांकडे पाहायला त्यांना सवड मिळते. हळुवार कथेला ही पार्श्वभूमी अधिक मानवते.

आता नायकाविषयी. कारकुनी त्या काळी बहुधा ब्राह्मण किंवा प्रभू घरांकडे असे. अशा घरातील मुलगा आणि आगरी मुलगी यांचा विवाह त्या समाजात होऊ शकला नसता, आणि ज्याच्या लेखणीवर गावाचा सारा अवलंबून आहे त्याला नकार देणे त्या मुलीला कितपत शक्य होते, हा प्रश्नही उरतोच. आपल्याला त्याच प्रश्नावर लिहायचे असेल तर अवश्य लिहावे, पण मग ती कथा हळुवार राहणार नाही. माझा सल्ला असा की नायक त्याच खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, भात पिकवणारा शेतकरी असावा. मिठागराला खाडीचे पाणी आत हवे असते आणि भातशेतीला ते काहीही झाले तरी बाहेर हवे असते, कारण खारे पाणी एकदा शेतात शिरले की जमिनीतला खार धुऊन निघायला पुढचे पावसाळे खर्ची पडतात. मध्ये एकच बांध आणि एकच उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची फळी लावलेली वाट. उघाडीची फळी कोणी कधी उचलायची, यावरून दोन्ही घरांत पिढ्यान्‌पिढ्या अबोला असू शकतो. ज्या फळीवरून भांडण आहे तिच्याच दोन बाजूंना हे दोघे उभे आहेत, यापेक्षा अधिक काय हवे? कारकुनाला काढून टाकू नका, त्याला या वादाचा कागद लिहू द्या. बोरूने मोडी लिहिताना आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरे गुंफायची, आणि ओल्या शाईवर बारीक वाळू टाकायची. त्या वाळूचे चार कण पुढे कधीतरी नायिकेच्या हाताला लागावेत, एवढा तपशील तो काळ उभा करायला पुरेसा असतो.

नायिकेच्या वयाचे म्हणाल, तर त्या काळात एकोणीस वर्षांची अविवाहित मुलगी वाचकाला पटणार नाही. ती विधवा असू द्या. आगरी, कोळी, कुणबी अशा अनेक समाजांत विधवेला पाट लावता, म्हणजे पुन्हा लग्न करता येत असे. पाट रात्री लागे, त्यात पहिल्या लग्नाचा थाट नसे, आणि सुवासिनी तिथे थांबत नसत. प्रौढ, दुःख पाहिलेली, स्वतःच्या मनाने दुसऱ्यांदा निवड करणारी नायिका ऐतिहासिकदृष्ट्या खरी ठरेल आणि कथेलाही तिच्यामुळे वजन येईल.

जादूने ताण संपतो, कारण आपण तिला मर्यादा घातलेली नाही. मर्यादा शोधायला दूर जाण्याची गरज नाही, ती खाडीतच आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी उतरते. आपल्या नायिकेचे गाणे फक्त भांगाच्या दिवसांत चालते असे ठरवून पाहा. त्या दिवसांत ती पाणी थोपवू शकते, वाफ्यात हवे तेवढेच घेऊ शकते, आणि हे करताना ती त्याला चोरून दिसते. पण उधाणाला गाण्याचा काही उपयोग नाही. तेव्हा बांधाला खांड पडली तर चिकणमातीचे गोळे आणि पेंढा घेऊन अख्ख्या गावाला कंबरभर पाण्यात उतरावे लागते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, हे ध्यानात असू द्या. (पौर्णिमेच्या मध्यरात्री नायक-नायिका उघड्या पडलेल्या खाडीच्या चिखलातून चालत येतात, असे प्रसंग मी छापील कथांत वाचले आहेत. त्या वेळी तिथे पाणी असते.) पाट पौर्णिमेच्या रात्री ठरला आणि त्याच वेळी बांध फुटला, तर जिथे तिची विद्या थिटी पडते तिथेच त्या दोघांना, आणि दोन्ही घरांना, एकत्र राबावे लागेल. आपल्याला हवा असलेला ताण इथे सापडेल. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा : तिच्या गाण्याने पाणी वळावे, त्याचे मन वळू नये. मंत्राने जडलेल्या प्रेमात होकार कोणाचा हे कळत नाही, आणि मग प्रेमकथा उरत नाही.

गाण्याचा स्रोतही घरचाच आहे. आगरी लग्नात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, आणि विधी तिच्या गाण्याच्या आधाराने पुढे सरकतात. नायिकेची आजी धवलारीण असेल तर शब्दाने काही घडते ही गोष्ट त्या घरात कोणाला समजावून सांगावी लागणार नाही. गाण्याच्या सामर्थ्याचा एक दाखला तर ठाण्याच्या इतिहासातच आहे. १८१६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत असताना त्यांच्या खिडकीखाली घोड्याची निगा करणारा एक मराठा मोतद्दार गाणी म्हणत असे. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते, गाण्यांत सुटकेचा बेत सांगितलेला होता, आणि त्रिंबकजी निसटले. ज्या किल्ल्यात हे घडले तिथे आज मध्यवर्ती कारागृह आहे.

प्रश्न : आपल्या सदरात जादूच्या कथांना उत्तेजन दिले जाते, याची मला काळजी वाटते. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा असताना, खेड्यातील स्त्रीच्या अंगी अशी शक्ती दाखवणे योग्य आहे का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. २०१३ चा कायदा कथेला हात लावत नाही. जिवंत माणसांचे शोषण करणारी कृत्ये तो गुन्हा ठरवतो, आणि कोणी करणी किंवा चेटूक करते असे सांगून तिचा छळ करणे हेही त्यात येते. हे कलम उगीच आलेले नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागांत बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवून मारहाण करण्याचे, प्रसंगी जीव घेण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि अशी बाई पुष्कळदा एकटी किंवा विधवा असे.

म्हणूनच वर ज्या कथेविषयी लिहिले तिच्या लेखिकेनेही आपले पत्र वाचावे, असे मला वाटते. विधवा नायिका पाणी थोपवते हे गावाला कळले तर गाव काय करील? हळुवार कथेतही या भीतीला जागा हवी. नायिका आपली विद्या लपवते ती लाजेपोटी नाही, जिवाच्या भीतीने, आणि नायकाने ती पाहूनही तोंड उघडले नाही, यात त्याचे प्रेम वाचकाला पहिल्यांदा दिसू शकते. भगत, म्हणजे गावचा मांत्रिक, रंगवायचा असेल तर निर्गुडी, आघाडा यांसारख्या झाडपाल्याची त्याची खरी जाण आणि ‘कोणी केले’ ते सांगण्याचा त्याचा अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीविषयी आदर बाळगूनही दुसरीची भीती लिहिता येते. अद्भुत कथा लिहिणाऱ्याने ती लिहावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : माझी कथा शिलाहारांच्या काळात, अंबरनाथचे शिवमंदिर बांधले जात असताना घडते. नायिका स्वयंपाकातून जादू करते. मिरचीचा ठेचा, बटाट्याची भाजी आणि पेरू असे पदार्थ योजले आहेत. चालतील ना? (नेरूळ, नवी मुंबई)

उत्तर : चालणार नाहीत. मंदिराच्या शिलालेखातील शक ९८२ म्हणजे इसवी सन १०६०. मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, पपई आणि काजू ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिके आहेत, आणि पोर्तुगीज इथे आले तेच मुळी १४९८ नंतर. तिखटपणासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरा, आंबटपणासाठी चिंच घ्या. तांदूळ, तीळ, उडीद, मूग, नारळ, गूळ, दूध, तूप आणि खाडीचे मासे आपल्या हाताशी आहेतच. ठेच्याच्या जागी मिरी आणि आले पाट्यावर वाटताना नायिकेचे डोळे तितकेच पाणावतील, आणि शेजारच्या घरातून कोणी शिंकले तर प्रसंगही साधेल. चूल मात्र काडेपेटीने पेटवू नका. राखेत रात्रभर जपलेला निखारा किंवा शेजारून मागून आणलेला विस्तव हवा, आणि विस्तव मागायला कोण कोणाच्या दारात जाते, हे आपल्या प्रेमकथेला उपयोगी पडेल.